पीअर-टू-पीअर नेटवर्क दगाबाज नोडपासून कसं वाचवायचं

पीअर-टू-पीअर नेटवर्क लिहायला घेतलेले बरेच जण सुरक्षिततेची सुरुवात एन्क्रिप्शनपासून करतात आणि तिथेच थांबतात. एन्क्रिप्शनमुळे वाटेत कान लावून बसलेल्याला काही कळत नाही, हे खरं. पण ज्या नोडशी तुम्ही व्यवस्थित एन्क्रिप्ट करून बोलताय तोच दगाबाज असेल, तर त्या एन्क्रिप्शनचा काडीचाही उपयोग नाही. मधला सर्व्हर नसलेल्या नेटवर्कमध्ये मोठा धोका समोरच्या टोकाला बसलेला असतो.

स्वतःचं छोटं नेटवर्क लिहिणाऱ्यांसाठी, किंवा लिबपीटूपीसारखी तयार लायब्ररी घेऊन त्यावर काही उभारणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नोड, हॅश, आयपी पत्ता, पोर्ट एवढे शब्द माहीत असले की पुरे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: खुल्या नेटवर्कमध्ये नवी ओळख फुकट मिळते. किल्ल्यांची एक जोडी (सगळ्यांना दाखवायची सार्वजनिक आणि स्वतःपाशी ठेवायची खासगी) तयार करायला मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. त्यामुळे नोडची डोकी मोजून घेतलेला कुठलाही निर्णय, मग ते बहुमत असो, सरासरी असो की ‘दहापैकी आठ जण म्हणतात’ असो, हल्लेखोराला हवा तसा फिरवता येतो. मोजायचंच तर ज्याला खर्च येतो ते मोजा: वेगवेगळ्या नेटवर्कमधले आयपी पत्ते, तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेला खरा डेटा, टिकून राहिलेला काळ. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया हाच आहे.

हल्ल्यांची तोंडओळख

एकाच माणसाने शेकडो-हजारो नोड असल्याचं भासवणं म्हणजे सिबिल हल्ला. हे नाव जॉन डाउसर यांच्या २००२ च्या निबंधामुळे रूढ झालं. ओळखीची खात्री देणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर व्यवहारात हा हल्ला पूर्णपणे रोखता येत नाही, असं त्यांनी त्यात दाखवलं. म्हणजे आपलं काम तो महाग करायचं आणि त्याने होणारं नुकसान आवरायचं, एवढंच आहे. बाकीचे बहुतेक हल्ले सिबिलच्या खांद्यावर बसूनच येतात.

एक्लिप्स हल्ल्यात तुमच्या एका नोडच्या सगळ्या जोडण्या हल्लेखोराच्या नोडशीच होतात आणि बाहेरचं जग त्याने दाखवलं तेवढंच दिसतं. राउटिंगमध्ये खोटी उत्तरं देणं किंवा विचारल्यावर गप्प बसणं, डेटात भेसळ करणं, मेमरी-प्रोसेसर-बँडविड्थ थकवणं, आणि तुमच्याच नेटवर्कला हत्यार करून तिसऱ्याच कुणावर पॅकेटचा मारा करणं, हे उरलेले प्रकार.

पायरी १: नेटवर्क खरंच खुलं हवंय का?

सगळ्यात जास्त फायदा देणारा निर्णय हाच, आणि तो बहुतेक जण घेतच नाहीत. नोड ठरलेल्या लोकांचेच असतील, समजा तीस-चाळीस यंत्रं, तर नेटवर्क बंद ठेवा. मान्य असलेल्या सार्वजनिक किल्ल्यांची यादी प्रत्येक नोडवर ठेवा आणि हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी सुरू होतानाच्या ओळखीत, यादीबाहेरची किल्ली दिसली की जोडणी तिथेच तोडा. लिबपीटूपीमध्ये याहून सोपा मार्ग आहे: ३२ बाइटची एक सामायिक गुप्त किल्ली सगळ्या नोडवर ठेवली की ती नसलेल्याला बोलणंच सुरू करता येत नाही. तोटा असा, की एका नोडवरून ती फुटली तर सगळीकडे बदलावी लागते. किल्ल्यांच्या यादीतून मात्र एकच ओळ काढावी लागते. त्यामुळे शक्य असेल तिथे यादीच बरी.

बंद नेटवर्कमध्ये मतं मोजणं पुन्हा अर्थपूर्ण होतं. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी १९८२ मध्ये मांडलेला हिशोब इथे लागू पडतो: एक दगाबाज नोड सोसायचा तर किमान ४ नोड हवेत, दोन सोसायचे तर ७, तीन सोसायचे तर १०. नेटवर्क खुलं असेल तर हा हिशोब विसरा, कारण तिथे ‘एकूण नोड किती’ हा आकडाच हल्लेखोर ठरवतो.

पायरी २: ओळख किल्लीला बांधा

नोडला स्वतःची ओळख स्वतः निवडू देऊ नका. प्रत्येक नोड एडी२५५१९ या सहीच्या पद्धतीच्या किल्ल्यांची जोडी तयार करेल, आणि त्याची ओळख म्हणजे ३२ बाइटच्या सार्वजनिक किल्लीचा शा-२५६ हॅश, असा नियम ठेवा. हँडशेकमध्ये समोरच्याकडे खासगी किल्ली आहे हे सिद्ध झालंच पाहिजे. त्यासाठी नॉइज किंवा टीएलएस १.३ हे तयार प्रोटोकॉल वापरा. स्वतःचा हँडशेक रचायच्या भानगडीत पडू नका.

संदेशांवर सही करताना नुसत्या मजकुरावर करू नका. सहीच्या आत नेटवर्कचं नाव, संदेशाचा प्रकार, क्रमांक आणि वेळ येऊ द्या. नेटवर्कचं नाव नसेल तर चाचणी नेटवर्कवरचा सही केलेला संदेश उचलून खऱ्या नेटवर्कवर टाकता येतो. क्रमांक नसेल तर कालचा खरा संदेश आज पुन्हा चालवता येतो, आणि सही तपासल्यावर ती बरोबरच निघते. शेवटच्या काही मिनिटांत पाहिलेल्या संदेशांचे हॅश लक्षात ठेवा आणि त्याहून जुनी वेळ असलेले संदेश नाकारा. नोडची घड्याळं थोडी पुढे-मागे असतात, म्हणून दोन-तीन मिनिटांची सूट द्या.

ओळख किल्लीला बांधली तरी प्रश्न संपत नाही. समजा डीएचटीमध्ये (कुठला डेटा कुणाकडे आहे हे शोधायची, सगळ्या नोडमध्ये वाटून ठेवलेली यादी) १० लाख नोड आहेत. एखाद्या फाइलच्या हॅशच्या अगदी जवळ जाऊन बसायचं तर ओळखीचे साधारण पहिले २० बिट त्याच्याशी जुळायला हवेत. त्यासाठी सरासरी २ चा २० वा घात, म्हणजे सुमारे साडेदहा लाख जोड्या तयार करून बघाव्या लागतात. साध्या लॅपटॉपचं हे काही मिनिटांचं काम. अशा वीसेक ओळखी जमल्या की त्या फाइलबद्दलचे बहुतेक प्रश्न हल्लेखोराकडेच येणार.

बिटटोरेंटच्या डीएचटीसाठी यावर एक चांगला तोडगा लिहिलेला आहे, बीईपी ४२. त्यात ओळखीचे पहिले २१ बिट आयपी पत्त्यावरून, सीआरसी३२सी या चेकसमने ठरतात. एका पत्त्याला फक्त आठ पर्याय मिळतात, त्यामुळे हव्या त्या जागी बसायला त्या जागेला जुळणारा पत्ताच मिळवावा लागतो. तुमचं नेटवर्क थेट आयपीवर चालत असेल तर हा नियम उचला. मोबाइल नोड पत्ता बदलत राहतात, त्यांची ओळखही बदलत राहील. अशा नोडना डीएचटीत फक्त प्रश्न विचारू द्या, डेटा साठवायची जबाबदारी देऊ नका.

दुसरा उपाय कोड्याचा. ओळख वैध ठरायला हॅशच्या सुरुवातीला अमुक इतके शून्य बिट हवेत, अशी अट घालायची. कॅडेम्लिया या डीएचटीच्या रचनेचं सुरक्षित रूप म्हणजे एस-कॅडेम्लिया, त्याच्या २००७ च्या मांडणीत हे आहे. आमचं मत असं की हा उपाय जोडीला ठेवावा, त्याच्या भरवशावर राहू नये. फोनला पाच सेकंद लागतील एवढं कोडं ठेवलं, तर भाड्याच्या यंत्रांवर त्याच पाच सेकंदांत कितीतरी ओळखी तयार होतात. आणि हल्लेखोराला जड जाईल एवढं कोडं ठेवलं, तर साधे लोक नेटवर्कमध्ये येणारच नाहीत.

पायरी ३: डेटाचा प्रत्येक तुकडा स्वतः तपासा

डेटा कुणाकडून आला याला महत्त्व देऊ नका, तो काय आहे हे तपासा. फाइल तिच्या हॅशनेच मागा, आणि आलेल्या सगळ्या बाइटांवर हॅश काढा. ‘सगळ्या’ हा शब्द इथे कळीचा आहे. काझा हे फायली वाटायचं सॉफ्टवेअर ज्या फास्टट्रॅक नेटवर्कवर चालायचं, त्यात वेग मिळावा म्हणून यूयूहॅश नावाची पद्धत होती. ती फाइलचे पहिले ३०० केबी आणि पुढे ठरावीक अंतरांवरचे तुकडेच मोजायची. मधला भाग कुणीही बिघडवला तरी हॅश तोच यायचा. त्या नेटवर्कवर भेसळीच्या फायलींचा सुळसुळाट झाला, यात नवल नाही.

जुन्या बिटटोरेंटमध्ये फाइलच्या प्रत्येक पीसचा, म्हणजे मोठ्या तुकड्याचा, शा-१ हॅश असतो, पण मागणी त्यातल्या १६ केबीच्या छोट्या ब्लॉकची होते. १ एमबीच्या पीसमध्ये ६४ ब्लॉक, आणि ते समजा दहा पीअरकडून, म्हणजे समोरच्या नोडकडून, आले. हॅश जुळला नाही. चोर कोण? दहाही जणांना हाकललं तर एका खोट्या ब्लॉकच्या बदल्यात नऊ प्रामाणिक पीअर गेले, आणि हल्लेखोराला हेच हवं असतं. बरोबर पद्धत अशी:

१. फसलेल्या पीसमधल्या प्रत्येक ब्लॉकचा हॅश आणि तो पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदवून ठेवा.
२. तोच पीस पुन्हा मागवा, शक्य झाल्यास एकाच पीअरकडून.
३. पीसचा हॅश जुळला की नव्या ब्लॉकचे हॅश जुन्या नोंदींशी ताडून बघा.
४. ज्याचा ब्लॉक वेगळा निघाला, फक्त त्यालाच शिक्षा करा.

नवं काही लिहीत असाल तर हा खटाटोप टाळता येतो. बिटटोरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीसारखं शा-२५६ चं मर्कल झाड (तुकड्यांच्या हॅशचे पुन्हा हॅश काढत एका हॅशपर्यंत पोहोचणारी रचना) वापरा आणि त्याची पानं १६ केबीची ठेवा. मग प्रत्येक ब्लॉक आल्या-आल्या तपासता येतो आणि दोषी लगेच सापडतो. शा-१ नव्या कामासाठी वापरूच नका. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फायली २०१७ मध्ये जाहीरपणे दाखवल्या गेल्या आहेत.

जो डेटा बदलत राहतो, उदाहरणार्थ एखाद्याचं प्रोफाइल, तिथे नुसता हॅश पुरत नाही. तिथे मालकाची सही आणि चढता क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर दगाबाज नोड जुनी, पण खरी सही असलेली प्रत देत राहतो.

पायरी ४: जोडण्या अशा ठेवा की कुणाला वेढा घालता येणार नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. वेढा पडला, म्हणजे एक्लिप्स हल्ला साधला, की वरच्या पायऱ्यांपैकी बऱ्याच लुळ्या पडतात. खोटा डेटा तुम्ही नाकाराल, पण खरा डेटा तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

आधी आकडेमोड. तुमचा नोड बाहेर ८ जोडण्या करतो आणि पत्त्यांच्या टेबलातले, म्हणजे त्याला माहीत असलेल्या नोडच्या यादीतले, निम्मे पत्ते हल्लेखोराचे आहेत. आठही जोडण्या त्याच्याकडे जाण्याची शक्यता ०.५ चा ८ वा घात, म्हणजे ०.४ टक्क्यांहूनही कमी. टेबलातले ९० टक्के पत्ते त्याचे झाले, की हीच शक्यता ४३ टक्क्यांवर जाते. म्हणून खरी लढाई पत्त्यांच्या टेबलासाठी असते. टेबल भरून टाकायचं आणि नोड रीस्टार्ट व्हायची वाट बघायची, हा हल्लेखोराचा साधा डाव. बिटकॉइनवर तो नेमका कसा चालतो हे संशोधक हाइलमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, आणि त्यानंतर बिटकॉइन कोअर या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टप्प्याटप्प्याने झालेले बदल आज कुणालाही उचलता येतील असे आहेत. ते असे लावा:

येणाऱ्या आणि जाणाऱ्या जोडण्यांचा कोटा वेगळा ठेवा. येणाऱ्या जोडण्या हल्लेखोर हव्या तेवढ्या करू शकतो, जाणाऱ्या तुम्ही निवडता. एकच सामायिक मर्यादा ठेवली की येणाऱ्यांनीच सगळ्या जागा भरतात आणि तुम्हाला स्वतःहून कुणाला गाठायला जागा उरत नाही. इथेरियमच्या गेथ या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी ही फट होती. एका-दोन यंत्रांनी नोडला वेढा घालता येतो, हे २०१८ मध्ये समोर आल्यावर येणाऱ्या जोडण्यांवर मर्यादा आली.

जाणाऱ्या जोडण्या वेगवेगळ्या गटांतच करा. आयपीव्ही४ मध्ये पहिले १६ बिट सारखे असलेले पत्ते एक गट धरा, आणि एका गटात एकच जाणारी जोडणी ठेवा. टेबलातही गटाला मर्यादा हवी. गेथमध्ये पहिले २४ बिट सारखे असलेले जास्तीत जास्त १० नोड टेबलात राहतात आणि एका बकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या एका कप्प्यात, २. आयपीव्ही६ मध्ये पत्ते एकेक करून मोजणं म्हणजे शुद्ध फसवणूक करून घेणं आहे. साध्या घरगुती कनेक्शनलाही बहुधा ६४ बिटांचा अख्खा सबनेट मिळतो, म्हणजे २ चा ६४ वा घात एवढे पत्ते. तिथे टेबलातल्या मर्यादेसाठी पहिल्या ६४ बिटांपर्यंतचा सगळा भाग एकच पत्ता समजा, आणि जोडण्यांचा गट ३२ बिटांवर ठेवा.

टेबलाचे दोन भाग करा: ज्यांच्याशी खरोखर जोडणी झाली ते ‘आजमावलेले’, आणि ज्यांच्याबद्दल नुसतं ऐकलंय ते ‘नवे’. कुणी हजार पत्ते ओतले तरी ते आजमावलेल्यांत घुसत नाहीत. पत्ता कुठल्या बकेटमध्ये जाणार हे प्रत्येक नोडने स्वतःच्या गुप्त संख्येसह हॅश काढून ठरवावं. ती संख्या नसेल, तर हल्लेखोर आपले पत्ते नेमके कुठे पडतील हे घरबसल्या काढू शकतो.

जुना पत्ता काढून नवा ठेवण्याआधी जुन्याला हाक मारा. तो उत्तर देत असेल तर नव्याला जागा नाही. शिवाय दर दोन-तीन मिनिटांनी ‘नव्यां’पैकी एखाद्याशी थोडक्यात जोडणी करून तो जिवंत आहे का पाहा. म्हणजे आजमावलेल्यांची यादी खऱ्या नोडनी भरत राहते.

बंद होताना दोन चांगल्या जाणाऱ्या जोडण्यांचे पत्ते डिस्कवर लिहा आणि सुरू झाल्यावर आधी त्यांनाच गाठा. रीस्टार्टची वाट बघण्याचा डाव यामुळे बराच बोथट होतो. बिटकॉइन कोअरमध्ये हे ०.२१ या आवृत्तीपासून आहे.

येणाऱ्यांची जागा भरली असेल तर कुणाला काढायचं? नुसतं ‘सगळ्यात जुना काढा’ किंवा ‘सगळ्यात नवा काढा’ असं करू नका, दोन्ही नियमांचा फायदा उठवता येतो. आधी काहींना वेगवेगळ्या कारणांनी अभय द्या: ज्यांचा पिंग सगळ्यात कमी, ज्यांनी अलीकडे खरा नवा डेटा दिला, जे सगळ्यात जास्त काळ टिकलेत. उरलेल्यांत ज्या गटाच्या जोडण्या सगळ्यात जास्त, त्यातला सगळ्यात नवा काढा. सगळ्या बाबतींत एकाच वेळी पुढे राहणं हल्लेखोराला महाग पडतं.

नेटवर्कमध्ये पहिल्यांदा शिरताना लागणारे सुरुवातीचे पत्ते वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, वेगवेगळ्या होस्टिंगवरच्या नोडचे असावेत. सगळे एकाच डीएनएस नावावरून येत असतील, तर ते नाव ताब्यात गेलं की नवा येणारा प्रत्येक जण हल्लेखोराच्या मांडवात जन्माला येतो.

पायरी ५: डीएचटीमधले शोध

कॅडेम्लिया वापरत असाल तर एक बचाव आयताच मिळतो. बकेट भरलेली असेल तर जुन्या, उत्तर देणाऱ्या संपर्काला काढलं जात नाही, त्यामुळे अचानक आलेली झुंड टेबल बळकावू शकत नाही. हा नियम ‘ताजे नोड बरे’ म्हणून बदलायचा मोह होतो. बदलू नका.

शोध मात्र तसाच सोडू नका. नेटवर्कमध्ये २० टक्के नोड दगाबाज आहेत आणि शोधाला ४ टप्पे लागतात असं धरा. चारही टप्प्यांवर प्रामाणिक नोड मिळण्याची शक्यता ०.८ चा ४ था घात, म्हणजे जेमतेम ४१ टक्के. तोच शोध एकमेकांना न छेदणाऱ्या ४ वाटांनी केला, की निदान एक वाट सुखरूप पोहोचण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ८ वाटांनी ९८ टक्क्यांच्या वर. मूळ कॅडेम्लियात ३ प्रश्न एका वेळी जातात, पण ते एकाच यादीतून निघतात, म्हणून त्यांना वेगळ्या वाटा म्हणता येत नाही. वेगळ्या वाटांसाठी ‘विचारून झालेले नोड’ ही यादी सामायिक ठेवा, म्हणजे एक नोड दोन वाटांवर येणार नाही. प्रत्येक वाटेची पुढच्या उमेदवारांची यादी मात्र स्वतंत्र हवी.

उत्तरात आलेले पत्ते सरळ टेबलात घालू नका. आधी त्यांना पिंग करा, आणि त्यांनी सांगितलेली ओळख जुळते का बघा. लूपबॅक, खासगी आणि मल्टिकास्ट पट्ट्यातले पत्ते, १२७ ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे, सार्वजनिक नेटवर्कवर आले तर फेकून द्या. नाहीतर कुणी १२७.०.०.१ जाहीर करेल आणि तुमचे नोड स्वतःचंच दार ठोठावत बसतील. कुणी एखाद्या वेबसाइटचा पत्ता ‘ही फाइल इथे आहे’ म्हणून हजारो जणांना देईल, आणि सगळे त्या बिचाऱ्यावर तुटून पडतील. यासाठीच साठवायची विनंती घेण्याआधी टोकन मागा. बिटटोरेंटच्या डीएचटीत विचारणाऱ्याचा आयपी आणि दर ५ मिनिटांनी बदलणारी गुप्त संख्या मिळून टोकन बनतं, आणि ते १० मिनिटांपर्यंत चालतं. दुसऱ्याच्या पत्त्याच्या नावाने नोंद करणं त्यामुळे जमत नाही.

पायरी ६: थकवणाऱ्यांना आवर

संदेशाची लांबी बहुधा सुरुवातीच्या ४ बाइटमध्ये येते, आणि त्यात ४ जीबीपर्यंतचा आकडा मावतो. नवशिक्यांचा कोड तो आकडा वाचतो आणि तेवढी मेमरी मागून मोकळा होतो. अशा पन्नास जोडण्या आल्या की नोड आडवा. आकडा वाचल्याबरोबर, मेमरी मागण्याआधी, त्या प्रकारच्या संदेशाची कमाल मर्यादा तपासा. सगळ्यांना एकच मर्यादा लावू नका. पिंगला ६४ बाइट पुरतात. बिटकॉइनमध्ये एका संदेशात पत्ते जास्तीत जास्त १,००० आणि हेडर २,००० असतात. दाबलेला डेटा असेल तर उलगडल्यानंतरच्या आकारालाही मर्यादा हवी.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा: आकार, मग रचना, मग ‘आधी पाहिलाय का’, मग सही, आणि शेवटी डेटाबेस. उलट केलंत तर कचरा पाठवणाऱ्यासाठी तुमचा प्रोसेसर राबतो.

वेगाला टोकन बकेटने (ठरावीक वेगाने भरत राहणारा कोटा, तो संपला की थांबायचं) लगाम घाला. एकदा जोडणीप्रमाणे, एकदा आयपीच्या गटाप्रमाणे, आणि एकदा एकूण. २०२१ मध्ये बिटकॉइन नेटवर्कवर पत्त्यांचा पूर आला, त्यानंतर प्रत्येक पीअरकडून सरासरी १० सेकंदांना एकच न मागितलेला पत्ता प्रक्रियेला घ्यायचा असा नियम आला. हँडशेक १० सेकंदांत पूर्ण झाला नाही तर जोडणी सोडा, आणि अर्धवट हँडशेकची एकूण संख्याही बांधून ठेवा.

यूडीपी वापरत असाल तर एक नियम दगडावरची रेघ समजा: समोरचा पत्ता खरा आहे हे कळेपर्यंत आलेल्या पॅकेटपेक्षा मोठं उत्तर पाठवायचं नाही. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकता येतो. १०० बाइटच्या प्रश्नाला तुम्ही २,००० बाइटचं उत्तर देत असाल, तर हल्लेखोराची ताकद तुम्ही वीसपट करून दिलीत, आणि मार खाणाऱ्याला तुमचाच पत्ता दिसतो.

पायरी ७: गुण द्या, पण शिक्षा जपून

प्रत्येक नोडने आपल्या शेजाऱ्यांना स्वतःच्या अनुभवावरून गुण द्यावेत आणि ते स्वतःपाशीच ठेवावेत. ‘अमका वाईट आहे’ असं दुसऱ्याने सांगितलं म्हणून गुण कापू नका. तसं केलंत तर हल्लेखोराचे हजार नोड मिळून कुणाही प्रामाणिक नोडला वाळीत टाकतील. २००३ च्या आयगेनट्रस्टसारख्या पद्धती दुसऱ्यांची मतं जमेला धरतात, पण त्यांनाही आधीपासून विश्वासातले काही नोड ठरवून द्यावे लागतात.

चुकांचे दोन ढीग करा. पहिल्यात सिद्ध होणाऱ्या चुका: खोटी सही, न जुळणारा हॅश, मर्यादेबाहेरचा आकार. इथे जोडणी लगेच तोडा. दुसऱ्यात संशयास्पद गोष्टी: उशीर, अपुरी उत्तरं, गप्प बसणं. संथ नेटवर्कवरचा प्रामाणिक नोडही असाच वागतो, म्हणून इथे थोडेथोडे गुण कापा आणि वेळेनुसार ते परत वाढू द्या. गॉसिपसब या संदेश पसरवायच्या प्रोटोकॉलच्या १.१ आवृत्तीत ही रचना तयार मिळते. तिथे एकाच आयपीवरून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पीअर आले, की जादा संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात गुण कापले जातात. पण सगळे आकडे तुम्हालाच भरावे लागतात. दुसऱ्या प्रकल्पातून जसेच्या तसे उचलू नका. संदेश सेकंदाला शंभर येतात की तासाला एक, यावर ते अवलंबून असतात.

नव्या नोडला शून्यावर ठेवा. वाईट गुण मिळालेल्याला ओळख बदलून शून्यावर येता येतं, म्हणून शून्यावरच्याला फारसे हक्क नसावेत.

बंदी हे हत्यार हल्लेखोराच्याही हातात असतं. बिटकॉइनमध्ये पूर्वी चुकांचे १०० गुण भरले की त्या आयपीवर २४ तासांची बंदी यायची. टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कच्या बाहेर पडायच्या नोडमधून मुद्दाम खराब संदेश पाठवून त्या सगळ्या नोडवर बंदी आणवता येते, आणि टॉरवरून येणारे प्रामाणिक लोक बाहेर राहतात, हे संशोधकांनी दाखवून दिलं. पुढे ही आपोआप होणारी बंदी सौम्य करण्यात आली: अशा पत्त्याशी स्वतःहून जोडणी करायची नाही, जागा कमी पडली तर त्याला आधी काढायचं, पण दार कायमचं लावायचं नाही. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

अपडेटच्या वेळी विशेष काळजी घ्या. नव्या आवृत्तीने संदेशात एक फील्ड वाढवलं आणि जुन्या आवृत्तीने ते ‘खोटी रचना’ समजून शिक्षा केली, तर हल्लेखोराविनाच नेटवर्कचे दोन तुकडे होतात. अनोळखी फील्ड दुर्लक्षित करायचं, त्याबद्दल शिक्षा नाही, हा नियम पहिल्या आवृत्तीपासून ठेवा.

पायरी ८: पाळत

प्रत्येक नोडवर निदान एवढे आकडे नोंदवा: जाणाऱ्या जोडण्या किती वेगळ्या गटांत आहेत, टेबलात सगळ्यात मोठ्या गटाचा वाटा किती, तासाला नवे पत्ते किती आले, फसलेल्या तपासण्या प्रकारानुसार किती, आणि वेगवेगळ्या वाटांनी केलेल्या शोधांची उत्तरं किती वेळा जुळली नाहीत. शेवटचा आकडा अचानक वाढला तर लगेच लक्ष घाला, डीएचटीमधल्या गडबडीची ती बहुधा पहिली खूण असते.

गटांवर नजर का ठेवायची याचं उदाहरण टॉरमध्ये आहे. ३० जानेवारी २०१४ ला शिरलेला ११५ रिलेंचा, म्हणजे टॉरच्या नोडचा, एक गट टॉरच्या लोकांनी ४ जुलैला काढून टाकला. ते सगळे रिले फक्त दोन नेटवर्कमध्ये होते, म्हणजे पहिले १६ बिट बघितले तर दोनच गट. नोडची संख्या बघितली तर ११५ वेगळे स्वयंसेवक वाटले असते.

पायरी ९: सोडण्याआधी स्वतःच हल्ला करा

एका लिनक्स यंत्रावर नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रात वेगवेगळी नेटवर्क भासवायची सोय) वापरून १०० प्रामाणिक नोड उभे करा. प्रत्येकाला वेगळ्या सबनेटचा पत्ता द्या, आणि टीसी हे लिनक्सचं साधन वापरून ५० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर घाला. उशीर नसलेल्या चाचणीत पिंगवर आधारलेले नियम तपासलेच जात नाहीत. मग हल्लेखोर आणा: आधी १००, मग ३००, मग ९००, पण सगळे फक्त तीन सबनेटमध्ये. त्यांना आळीपाळीने एकेक काम द्या: पत्ते ओतणं, गप्प बसणं, खोटे ब्लॉक देणं, अर्धवट हँडशेक करणं. काही तासांनी सगळे प्रामाणिक नोड एकदम रीस्टार्ट करा.

आता मोजा. ज्यांच्या सगळ्या जाणाऱ्या जोडण्या हल्लेखोराकडे गेल्या असे नोड किती? गटांची मर्यादा नीट चालत असेल तर तीन सबनेटमधून एकाही नोडला वेढा पडता कामा नये. पडला, तर बहुधा येणारी जोडणी कुठेतरी जाणारी म्हणून मोजली जातेय किंवा आयपीव्ही६ चे गट चुकलेत. शोध यशस्वी व्हायचं प्रमाण किती घसरलं? मेमरी वाढून स्थिरावते की चढतच राहते? आणि प्रामाणिक नोडनी प्रामाणिक नोडवर लादलेल्या शिक्षा किती? हा शेवटचा आकडा शून्य यायला हवा. तो शून्यावर येईपर्यंत आपोआप होणारी बंदी बंदच ठेवा, नुसत्या नोंदी होऊ द्या.

हीच चाचणी निम्मे नोड जुन्या आवृत्तीवर ठेवून पुन्हा चालवा, आणि यापुढे प्रत्येक आवृत्ती सोडण्याआधी चालवत राहा.